पुराच्या छावणीत बायकामुलांच्या सुरक्षिततेची सूत्रं कुणाच्या हाती असावीत?

विश्वामित्रीकाठची

मे संपत आला, आभाळाकडे बघायला सुरुवात झाली, म्हणून हा धागा काढतेय.

ऑगस्ट २०२४चा पूर बडोद्यात कुणी विसरलं नसेल. गोकुळाष्टमीच्या सुमारास पाऊस लागला. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, पाणी गेलं ३७ फुटांवर. आमचं घर उंचावर, म्हणून वाचलं. दुसऱ्या दिवशी जवळच्या एका शाळेत लोक आणून ठेवले होते तिथे मदतीला गेले. चार दिवस तिथेच होते.

तिसऱ्या दिवशी पाणी थोडं उतरलं आणि संस्था यायला लागल्या. एका दिवसात पाच गट आले. प्रत्येकात एक तरी ताई "महिला आणि बालसुरक्षा" बघणारी. सगळ्या जाणकार, सगळ्या मनापासून आलेल्या. पण एकीला दुसरीचा पत्ता नाही. नदीकाठच्या झोपडपट्टीतली एक बाई चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन कोपऱ्यात बसली होती. तिला चार वेळा तेच प्रश्न विचारले गेले: नवरा कुठे, इथे सुरक्षित वाटतं का, कुणी त्रास दिला का. चौथ्या वेळी ती म्हणाली, "बेन, आधी संडासात दिवा लावा, मग काय ते विचारा."

संडास शाळेच्या मागच्या बाजूला, अंधारात. तीन रात्री बायका जोडीजोडीने जात होत्या. पाच तज्ज्ञांच्या वह्यांमध्ये "प्रकाशव्यवस्था नाही" असं लिहिलं गेलं होतं, मी पाहिलंय. दिवा अखेर शाळेच्या शिपाईदादांनी स्वतःच्या घरून आणून लावला.

ते वाक्य अजून कानात आहे. तज्ज्ञ हवेतच, याबद्दल मला शंका नाही. पण त्यांना एका सुतात ओवायचं कुणी? कलेक्टर ऑफिसने, महापालिकेने, एखाद्या संस्थेने, की आपण वस्तीतल्या लोकांनी? अनुभव असतील तर लिहा.

मांडवीची_माई

वाचून पोटात कालवलं. २०१९ला ३१ जुलैला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला होता, तेव्हा माझी नणंद दोन रात्री अशाच एका ठिकाणी होती. पाणीच प्यायची नाही. का, तर रात्री जावं लागू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ आणि ताप. अंधाराचं दुखणं असं पोटात शिरतं.

रोकठोक_रावपुरा

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण माझं मत वेगळं. पहिले तीन दिवस होडी, दोर, पाणी आणि फूड पॅकेट. एनडीआरएफची सहावी बटालियन जरोदला, आपल्या दारात. तिथले जवान गळ्याएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन येत होते, बाई की पुरुष असं कुणी विचारत नव्हतं. पाण्याला लिंग नसतं. जेंडरतज्ज्ञ वगैरे नंतर, पुनर्वसनाच्या वेळी बोलवावेत. आधी जीव.

दूरदेशीची_छावणी

रोकठोकदादा, पाण्याला लिंग नसेल, पण बुडणाऱ्यांच्या यादीला असतं. २००४च्या त्सुनामीत तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात ३९१ स्त्रिया गेल्या आणि १४६ पुरुष. हे आकडे ऑक्सफॅम या मदतसंस्थेने २००५मध्ये मांडले. कारणं गूढ नाहीत. पुरुष होड्या घेऊन खोल समुद्रात होते, तिथे लाट जाणवतही नाही. बायका मासळी उतरवून घ्यायला किनाऱ्यावर. कडेवर मूल, अंगाला साडी, पोहायला कधी कुणी शिकवलेलं नाही, झाडावर चढायची सवय नाही. म्हणजे "आधी जीव" म्हणतानासुद्धा कुणाचा जीव कशामुळे जातो हे ठाऊक असलेला माणूस पहिल्याच दिवशी लागतो.

मी मूळची बडोद्याच्या वाडी भागातली, कामानिमित्त बरीच वर्षं बाहेर. २०१८मध्ये बांगलादेशात कॉक्स बझारला होते. ऑगस्ट २०१७पासून सात लाखांवर रोहिंग्या तिथे आले होते. मूळ प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

जगभर हाच गोंधळ होत होता. प्रत्येक संस्था आपली महिला-सल्लागार पाठवायची. ती आपल्या संस्थेचं काम बघायची, सगळ्यांचं मिळून कुणीच बघायचं नाही. म्हणून २००५मध्ये संयुक्त राष्ट्रं आणि मोठ्या मदतसंस्थांच्या सामाईक समितीने 'प्रोकॅप' सुरू केलं, आणि २००७मध्ये 'जेनकॅप'. पहिलं संरक्षणाच्या तज्ज्ञांसाठी, दुसरं स्त्री-पुरुष समानतेच्या तज्ज्ञांसाठी. कल्पना साधी: अनुभवी माणसांची पारखून घेतलेली यादी तयार ठेवायची. ती सांभाळणार नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिल. आपत्ती आली की त्यातला माणूस त्या देशात पाठवायचा, पण एका संस्थेचा म्हणून नव्हे, सगळ्यांचा म्हणून. तो स्वतः तंबू वाटत नाही, बायकांच्या मुलाखती घेत सुटत नाही. पाणीवाले, निवारावाले, अन्नवाले, दवाखानावाले जिथे बसून ठरवतात त्या टेबलाशी तो बसतो आणि विचारतो, हा नळ कुठे बसवताय? पाणी भरायला कोण जाणार? किती वाजता? वाटेत काय आहे?

तुमच्या शाळेत पाच ताई होत्या, त्या टेबलाशी बसणारी सहावी नव्हती. आणि टेबलही नव्हतं.

फतेगंजचा_विद्यार्थी

एक शंका. "संरक्षण" म्हटलं की मला लष्कर आठवतं. इथे नेमका अर्थ काय?

दूरदेशीची_छावणी

चांगला प्रश्न. आपत्तीत निसर्ग जे करतो ते एक. त्यानंतर माणूस माणसाला जे करतो, किंवा करू शकतो, त्यापासून वाचवणं म्हणजे इथलं संरक्षण. गर्दीत हरवलेलं मूल, "मी मामा आहे" म्हणून त्याला न्यायला आलेला अनोळखी माणूस, एकट्या बाईच्या शेजारी रात्री येऊन झोपणारा, कागदपत्रं वाहून गेली म्हणून रांगेतून परत पाठवलेली विधवा, जातीवरून वेगळं बसवलेलं कुटुंब. हे सगळं त्यात येतं. मोठ्या आपत्तीत या कामाचं नेतृत्व संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था करते, त्यातला लैंगिक हिंसेचा भाग संयुक्त राष्ट्रांच्याच लोकसंख्या निधीकडे आणि मुलांचा युनिसेफकडे. भारतात मात्र हे गट सहसा बसवले जात नाहीत, इथे सरकारच पुढे असतं. तेव्हा आपल्याला उत्तर सरकारी रचनेतच शोधावं लागेल.

माजी_मामलतदार

मग ते मी लिहितो. तीस वर्षं महसुलात काढली, तीन पूर आणि कच्छचा भूकंप पाहिला.

कायदा कमी नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५चा. कलम १२मध्ये छावणीत निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार, स्वच्छता यांचे किमान निकष, आणि विधवा व अनाथांसाठी खास तरतूद. कलम ६१मध्ये लिंग, जात, समाज, वंश, धर्म यांवरून भेदभाव करायचा नाही हे स्पष्ट. २०१६मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने निकष काढले: माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, तीस माणसांमागे एक संडास, बायकांसाठी संडास-न्हाणी वेगळी, सॅनिटरी पॅडची सोय, विधवांची आणि अनाथ मुलांची वेगळी नोंदवही. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर. म्हणजे सूत्रं कुणाच्या हाती, तर कागदावर उत्तर आहे.

पण छावणीत प्रत्यक्ष कोण असतो? एखादा तलाठी नाहीतर शाळेचे मुख्याध्यापक. त्या माणसाकडे जेवणाची गाडी, पाण्याचा टँकर, हजेरी, वरून येणारे दर तासाचे फोन, आणि भेटीला येणारे पाहुणे. त्याला "महिला सुरक्षा" हे विसावं काम म्हणून दिलं तर ते विसाव्या क्रमांकावरच राहणार. मी स्वतः असा ताण सोसलाय, त्यामुळे त्या माणसाला दोष देत नाही.

आणखी एक अनुभव. कॅशडोल आणि घरवखरी. बाहेरच्या वाचकांसाठी: पुरात अडकलेल्यांना रोजच्या खर्चाची रक्कम म्हणजे कॅशडोल, आणि भांडीकुंडी-कपडे वाहून गेले त्याची भरपाई म्हणजे घरवखरी. रक्कम कुटुंबप्रमुखाच्या नावावर निघते. एका वस्तीत नवऱ्याने टाकलेली बाई दोन मुलांसह वेगळी राहत होती, रेशनकार्ड मात्र नवऱ्याकडेच. पैसे नवऱ्याने उचलले. सर्व्हे करणाऱ्या मुलाने फॉर्म बरोबर भरला होता. चूक कागदात सापडली नसती. ती बाई आमच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा कळलं. जी आली नाही तिचं काय झालं असेल, हा विचार निवृत्तीनंतरही डोक्यातून जात नाही.

आंगणवाडीची_लेक

काका, तुमची ती बाई माझ्या आईला सर्व्हेआधीच ठाऊक असती.

माझी आई सव्वीस वर्षं आंगणवाडीत आहे. कुठल्या घरात सातवा महिना चालू आहे, कुणाचा नवरा पिऊन मारतो, कुठली मुलगी सावत्र बापाबरोबर एकटी राहते, हे तिला तोंडपाठ. पुराच्या रात्री आमच्याच घरात छातीभर पाणी. आईने दागिन्यांचा डबा माळ्यावर टाकला आणि आंगणवाडीचं रजिस्टर दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून डोक्यावर घेतलं. मी ओरडले तिच्यावर. ती म्हणाली, त्यात नऊ गरोदर बाया आहेत.

छावणीत पोचल्यावर तिने नऊपैकी सात शोधून काढल्या, एकीला रात्रीच दवाखान्यात पाठवलं. उरलेल्या दोघी नातेवाइकांकडे गेल्या होत्या, तेही तिनेच फोन करून काढलं. मग बाहेरून आलेल्या तज्ज्ञ मंडळींची बैठक झाली. आईला बोलावलं ते सगळ्यांना चहा द्यायला आणि नावांची यादी मागायला. यादी तिने दिली नाही. "कुणाला काय हवंय ते मला सांगा, मी पोचवते, नावं देणार नाही." तेव्हा मला वाटलं, आई उगाच अडून बसतेय. आज वाटतं, त्या खोलीतली संरक्षणतज्ज्ञ तीच होती.

मांडवीची_माई

आईंना माझा नमस्कार सांग बाळा.

सुभानपुऱ्याचा_डॉक्टर

आंगणवाडीच्या ताईंनी यादी दिली नाही, हे शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर आहे. छावणीत अत्याचार झालेल्या बायका शोधत फिरायचं नसतं. गर्दीत एखादीला बाजूला घेऊन विचारलं की शंभर डोळे तिच्यावर. ती "हो" म्हणाली आणि तुमच्याकडे पुढे द्यायला काही नसेल, तर तिचं दुःख उघडं करून तुम्ही निघून गेलात. आधी सोय तयार ठेवायची आणि ती कुठे आहे ते सगळ्यांना कळेल असं सांगायचं. जिला गरज आहे ती येते.

सोय म्हणजे काय? एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भधारणा टाळायची गोळी जितकी लवकर तितकी चांगली, १२० तासांपर्यंत. पुरात रस्ते बंद असताना ही घड्याळं थांबत नाहीत. सरकारी असो की खाजगी, दवाखान्याने अशा बाईवर मोफत उपचार करायचे असा कायदा आहे, आधी पोलिसांत जा म्हणून परत पाठवता येत नाही. मुलगी किंवा मुलगा अठराच्या आतला असेल तर मात्र पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हा फरक स्वयंसेवकांना ठाऊक नसतो आणि ते भलतीच आश्वासनं देऊन बसतात: "कुणाला सांगणार नाही हं." मूल असेल तर ते वचन देऊच नका.

बायकांसाठी १८१ अभयम हेल्पलाइन गुजरातभर आहे, मुलांसाठी १०९८. छावणीच्या भिंतीवर हे दोन आकडे गुजराती, हिंदी, मराठीत मोठ्या अक्षरांत लिहायला किती खर्च येतो? एक खडू. पुरुषांच्या बाजूलाही लिहा, म्हणजे तो फलक वाचताना दिसली म्हणून कुणी बाईवर संशय घेणार नाही.

अकोटा_पूल

थोडं अवांतर. गेल्या पुरात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर आली होती. विश्वामित्रीच्या मगरी आपल्याला सवयीच्या, मुलं अजून ती गोष्ट रंगवून सांगतात. पण हा धागा वाचून आठवलं, आमच्याकडच्या कामवाल्या मावशी छावणीत होत्या, त्या म्हणाल्या होत्या की रात्री संडासाकडे जाताना "एक भीती मगरीची आणि एक माणसाची". मगरीसाठी वनखात्याला फोन करता येत होता. दुसऱ्या भीतीसाठी कुणाला करायचा ते ठाऊक नव्हतं.

किल्लारीचा_जावई

सासुरवाडी लातूरकडची, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप. घरदुरुस्तीचा मोठा सरकारी कार्यक्रम निघाला तेव्हा गावागावांत स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था त्यामागे होती. या बायका सरकार आणि गाव यांच्यामधला दुवा. पैसे किती मंजूर, सिमेंट किती यायला हवं, इंजिनिअर काय म्हणतो, हे घरोघर सांगायच्या आणि गावाच्या तक्रारी वर न्यायच्या. सुरुवातीला पुरुष म्हणायचे, बायकांना बांधकामातलं काय कळतं. नंतर तेच त्यांना विटा-सळ्यांचा हिशोब विचारायला यायचे.

२००१ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूरकडच्या या बायका तिकडे गेल्या आणि कच्छी बायकांशी बोलल्या. भाषा वेगळी, पण घर पडणं तेच. तज्ज्ञ म्हणजे पदवी घेऊन बाहेरून येणारा, ही समजूत आपण सोडली पाहिजे. किल्लारीची बाई भुजमध्ये तज्ज्ञ होती.

फतेगंजचा_विद्यार्थी

हे माहीतच नव्हतं. धन्यवाद काका.

सयाजीगंज_७

एका मुद्द्यावर अजून कुणी बोललं नाही. माझी मैत्रीण तृतीयपंथी समाजातली आहे. पुरात ती छावणीत गेलीच नाही, पाण्यात उभ्या असलेल्या घराच्या पत्र्यावर दोन रात्री काढल्या. मी चिडून विचारलं, तर म्हणाली, "बायकांच्या खोलीत गेले असते तर बायका घाबरल्या असत्या, पुरुषांच्या खोलीत गेले असते तर मी." तृतीयपंथीयांना वेगळी ओळख देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१४चा, त्यांच्या हक्कांचा कायदा २०१९चा, पण छावणीच्या दारावरच्या नोंदवहीत रकाने दोनच. समन्वय करणारी व्यक्ती असेल तर तिने हेही बघावं. एक छोटी वेगळी खोली, आत कडी असलेली, पुरेशी होती.

रोकठोक_रावपुरा

सगळं वाचलं. पत्र्यावरच्या दोन रात्रींचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. "पाण्याला लिंग नसतं" हे वाक्य मी मागे घेतो. कडलूरचे आकडे घरी वाचून दाखवले. बायको म्हणाली, "मला तरी कुठे पोहता येतं?" सत्तावीस वर्षं झाली लग्नाला, मी कधी विचारलं नव्हतं.

पण माझी एक अडचण अजून आहे. समन्वयक नेमा म्हटलं की आपल्याकडे समिती होते. समितीला अध्यक्ष, अध्यक्षाला सत्कार. सहावी ताई आणून पाचाचं सहा झालं तर त्या कोपऱ्यातल्या बाईला पाचव्यांदा तेच विचारलं जाईल. हे कसं टाळायचं ते सांगा.

दूरदेशीची_छावणी

दादा, ही भीती खरी आहे, मी ते होताना पाहिलंय. एका ठिकाणी समन्वयाच्याच बैठका दिवसाला तीन. लोक छावणीपेक्षा खुर्चीत जास्त.

माझ्या अनुभवात फरक पडतो तो समन्वयकाला दोन अधिकार आहेत का यावर. पहिला, "नाही" म्हणायचा. नवा गट आला आणि म्हणाला आम्हाला बायकांशी बोलायचंय, तर तिने सांगायचं: हे काल विचारून झालं, ही घ्या उत्तरं, नावं वगळून. तुम्ही दिवे लावू शकता का? दुसरा, छोटा खर्च करायचा. बल्ब, कडी, पडदा, शिट्टी यासाठी वरची सही लागता कामा नये. हे दोन नसतील तर पद ठेवूच नका. विसावं काम विसाव्या क्रमांकावरच राहतं, या माजी_मामलतदार काकांच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे.

आणि एक गोष्ट, जी बोलायला जड जाते. त्रास देणारा कधीकधी मदत करणाऱ्यांतलाच असतो. २००२मध्ये लायबेरिया, गिनी, सिएरा लिओन इथल्या निर्वासित छावण्यांबद्दल बाहेर आलं की मदतकर्मीच अन्नाच्या बदल्यात मुलींचा फायदा घेत होते. त्यानंतर २००३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी कडक नियम काढले. आपण म्हणू, आपल्याकडे असं नाही. नसावंच. पण मग छावणीत कुणीही ओळखपत्राशिवाय "सेवा" करायला शिरू नये, फूड पॅकेट उघड्यावर, रांगेत वाटावं, एखाद्या मुलीला "मागच्या खोलीत ये, देतो" असं कुणी म्हणू नये, आणि कुणी म्हटलंच तर तक्रार वाटप करणाऱ्याकडे नव्हे, दुसऱ्याच माणसाकडे जावी. एवढं तरी लिहून लावावं.

माजी_मामलतदार

खर्चाच्या अधिकाराचा मुद्दा सोन्यासारखा. भर एवढीच, की नेमणूक पावसाआधी, लेखी आणि नावाने व्हावी. "शाळेतील एक महिला शिक्षिका" असं लिहिलं की ती कुणीच नसते. नाव, फोन, आणि ती स्वतः पाण्यात अडकली तर दुसरी कोण, तिचंही नाव. आंगणवाडीच्या ताईंच्या घरात छातीभर पाणी होतं हे विसरू नका.

विश्वामित्रीकाठची

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. हे दोन दिवस कागद घेऊनच वाचतेय.

मी काल त्या शाळेत जाऊन आले. शिपाईदादांनी ओळखलं. मागे गेलो, संडासाकडे. पुरात लावलेला दिवा तिथेच आहे, पण वायर उघडी आहे आणि भिंतीला ओल. पावसात ती तशीच राहिली तर शॉक लागेल. चार संडासांपैकी दोघांना आतून कडी नाही. मुख्याध्यापिका बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "पूर आला की आमच्याकडे माणसं पाठवतात, त्याआधी विचारायला कुणी येत नाही. तुम्ही पहिल्या."

बाई स्वतः जबाबदारी घ्यायला तयार आहेत, मात्र लेखी आदेश हवा म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. माजी_मामलतदार काका, वॉर्ड ऑफिसला द्यायचा अर्ज तुम्ही बघून द्याल का? कलम १२चा उल्लेख त्यात घालू. आंगणवाडीची_लेक, आई भेटतील का? दुसरं नाव त्यांचं असावं असं मला वाटतं, पण आधी त्यांना विचारून, आणि चहा आपण करून. डॉक्टर, भिंतीवरच्या फलकाचा मजकूर तुम्ही लिहा. सयाजीगंज_७, तळमजल्यावर जिन्याखाली एक छोटी खोली आहे, सध्या खेळाचं सामान ठेवतात. तुमच्या मैत्रिणीला ती दाखवायची आहे, चालेल की नाही ते त्याच सांगू शकतील.

रविवारी सकाळी नऊला जमायचं म्हणतेय.

सयाजीगंज_७

विचारलं तिला. येते म्हणाली. कडी आतून आहे का, हे आधी बघून ठेवा म्हणते.

आंगणवाडीची_लेक

आई येईल. रजिस्टर आणणार नाही म्हणाली, पण सगळं डोक्यात आहे.

रोकठोक_रावपुरा

माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वायर, पाइप, दोन बल्कहेड दिवे, एक इन्व्हर्टर घेऊन येतो. पुरात लाइट जातेच, तेव्हा नुसत्या दिव्याने भागणार नाही. संडासापासून मेन स्विच किती फूट आहे, तेवढं कुणीतरी मोजून कळवा.